उसाच्या रस्त्यावरची पहिली मोटारसायकल

बोरगावच्या पोराला मोटारसायकल येते ती लायसन हातात पडण्याच्या कितीतरी आधी. मळ्याच्या वाटेवर चुलत्याची जुनी गाडी घेऊन त्याने क्लच-गिअरचा मेळ जमवलेला असतो, मागे वाड्याचा भारा बांधून ती घरापर्यंत आणलेली असते. मग अठरावे वर्ष सरते, दसरा किंवा पाडवा जवळ येतो आणि घरात एकच विषय सुरू होतो. पोरगा म्हणतो, "आण्णा, घ्यायची तर केटीएमच." आण्णा विचारतात, "ॲव्हरेज किती देती?" दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे. पण ही गाडी रोज कुठल्या रस्त्यावर धावणार आणि तिच्यावर बसणाऱ्याला अजून काय येत नाही, हे मात्र कुणीच विचारत नाही.

पहिली गाडी ठरवायची ती या दोन प्रश्नांवरून. कंपनी, रंग आणि आवाज यांचा नंबर त्यानंतर लागतो.

एका गावाचे तीन रस्ते

निपाणी तालुक्यातले बोरगाव महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. इथल्या माणसाची सकाळ कर्नाटकात आणि दुपार महाराष्ट्रात गेली तर त्यात कुणाला नवल वाटत नाही. कुणी इचलकरंजीच्या यंत्रमागावर पाळीला जातो, कुणी कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत किंवा गोकुळ शिरगावला नोकरीला, कुणी निपाणीच्या कॉलेजात, तर कुणी रोज दोन वेळा डेअरीला दूध घालायला. गाव एकच, पण रस्ते तीन प्रकारचे.

पहिला शिवाराचा. एकेरी डांबर, दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस आणि त्यामुळे वळणापलीकडचे काही म्हणजे काही न दिसणे. इथे वेग कमी असतो. पण म्हैस, कुत्रे, न रंगवलेला गतिरोधक आणि मळ्यातून अचानक रस्त्यावर येणारा ट्रॅक्टर यांचा नेम नसतो. या रस्त्याला हलकी, पाय नीट टेकणारी, हळू चालवली तरी न डगमगणारी गाडी लागते.

दुसरा गावांना जोडणारा: इचलकरंजी, सदलगा, चिकोडी, निपाणी यांच्याकडे जाणारा. यावर दोन्ही राज्यांच्या बसगाड्या, वाळूचे आणि विटांचे डंपर, वडाप आणि पाळी सुटल्यावर एकदम बाहेर पडणाऱ्या शेकडो मोटारसायकली असतात. इथे ओव्हरटेक करावे लागते आणि ओव्हरटेक करताना चुकवावेही लागते. म्हणून चांगले ब्रेक, चांगला उजेड आणि थोडी ओढ हवी.

तिसरा राष्ट्रीय महामार्ग ४८, म्हणजे आपला जुना पुणे-बेंगळुरू हायवे. कोगनोळीच्या टोलनाक्यापासून निपाणीवरून तवंदी घाट ओलांडून तो संकेश्वर, बेळगावकडे जातो. निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. इथे शेजारून ट्रक गेला की हवेचा लोट हलक्या गाडीला बाजूला ढकलतो. या रस्त्यावर रोजचे जाणे-येणे असेल तर वजन, स्थिरता आणि ब्रेक या तिन्ही गोष्टी शिवारातल्यापेक्षा वेगळ्या लागतात.

आता आपल्या आठवड्याचा हिशेब मांडावा. सहा दिवस मळा, डेअरी आणि गाव असेल आणि हायवे महिन्यातून एकदाच लागत असेल, तर १०० ते १२५ सीसीची गाडी पुरते आणि तीच योग्य असते. रोज गोकुळ शिरगाव गाठायचे असेल तर १५० सीसीच्या आसपासची, एबीएस असलेली गाडी घेण्यात अर्थ आहे. याच्या पुढची गाडी घेण्याचे रस्त्याशी निगडित कारण पहिल्या गाडीच्या बाबतीत सहसा सापडत नाही. असते ती हौस. हौसेला नावे ठेवायचे कारण नाही, फक्त ती दुसऱ्या गाडीसाठी राखून ठेवावी.

आजोबांची आरएक्स आणि नातवाची १२५

"आमच्या काळी आम्ही आरएक्स पळवत होतो" असे सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात असतो. त्याचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे, कारण त्यात एक मोलाचा आकडा दडलेला आहे.

या भागाने मोटारसायकलीच्या बऱ्याच पिढ्या पाहिल्या. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून आलेली येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून पहाटे धावणारी बजाज एम-एटी. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि पेट्रोलचा हिशेबच बदलला. त्याच साली यामाहा आरएक्स १०० आली. तिने वेगाचे वेड लावले. २००१ साली बजाजची पल्सर आली आणि १५० सीसीची गाडी सामान्य घरातल्या पोराच्या आवाक्यात आली.

ज्या आरएक्सच्या वेगाच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात, तिच्या इंजिनाची ताकद सुमारे ११ अश्वशक्ती होती. आज टीव्हीएस रेडर किंवा होंडा शाइनसारखी १२५ सीसीची गाडी जवळपास तेवढीच ताकद देते. म्हणजे आज 'साधी' म्हणून हिणवली जाणारी १२५ कालच्या वेगवान गाडीच्या पंक्तीला बसते. स्प्लेंडर सुमारे ८ अश्वशक्तीची, पल्सर १५० सुमारे १४ ची, यामाहा आर १५ सुमारे १८ ची आणि केटीएम ड्यूक २०० सुमारे २५ ची. ड्यूकवर बसणारा नवशिका म्हणजे स्प्लेंडरच्या तिप्पट ताकद मनगटाच्या एका पिळात घेऊन निघालेला माणूस.

ताकद वाईट नसते. पण नवशिक्याच्या चुका ठरलेल्या असतात: क्लच एकदम सुटणे, खड्ड्यात हात हलून ॲक्सिलरेटर जास्त पिळला जाणे, वळणात शिरल्यावर वेग जास्त झाल्याचे लक्षात येणे. आठ-दहा अश्वशक्तीची गाडी या चुकांवर गचका देते आणि सोडून देते. पंचवीस अश्वशक्तीची गाडी तेवढा वेळ देत नाही. पहिली गाडी अशी हवी की जी चूक माफ करते.

शोरूममध्ये काय बघायचे

सेल्समन मीटर, ब्लूटूथ आणि डिझाइन दाखवतो. तुम्ही पुढच्या गोष्टी बघा.

सीटची उंची. स्प्लेंडर, शाइन, रेडर यांची सीट जमिनीपासून ७८० ते ७९० मिलिमीटरच्या आसपास असते. आर १५ सारख्या गाडीची ८१५ पर्यंत जाते. कागदावर फरक दोन-तीन सेंटिमीटरचा दिसतो, पण चिखलात थांबताना तळपाय टेकतो की नुसता चवडा, हे त्यावरच ठरते. गाडीवर बसून दोन्ही पाय टेकवून बघा, मागे कुणाला तरी बसवून पुन्हा बघा.

वजन. स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास, पल्सर १५० दीडशेच्या जवळ, बुलेट ३५० साधारण १९५ किलो. गाडी बंद करून ती मागे ओढून, वळवून, स्टँडला लावून बघा. उतारावर उभी असलेली बुलेट मागे घेता येत नसेल तर ती अजून तुमची गाडी नव्हे.

बसण्याची ढब. पुढे वाकून बसायची गाडी फोटोत छान दिसते. गतिरोधकांच्या रस्त्यावर मनगटे दुखतात, मान वर राहत नाही आणि मागे बसणाऱ्या आईचे तर हालच होतात. सरळ पाठ, कोपर सैल, नजर लांब अशी बैठक शिकणाऱ्याला सोयीची.

ब्रेक. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस आणि १२५ पर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस सक्तीचे झाले. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा-थोडा लागतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. पण स्वस्त गाड्यांत तो बहुधा पुढच्या चाकापुरताच असतो आणि मागचे चाक जाम होऊ शकते, हे विचारून घ्यावे. जुनी गाडी घेताना ही तारीख ध्यानात ठेवा: त्याआधीच्या गाडीला यातले काहीच नसण्याची शक्यता मोठी.

जुनी गाडी घेण्यात कमीपणा काही नाही. शिकताना गाडी पडतेच आणि जुनी पडली तर जीव कमी हळहळतो. मात्र ओळखीच्या मेस्त्रीला बरोबर न्यावे. हात सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, पुढचा शॉकॲब्सर तेल गाळतो का, कोनसेट खडखडतो का, चेन-स्पॉकेटचे दात झिजून टोकदार झालेत का हे त्याने बघावे. टायरच्या नक्षीत झीज दाखवणाऱ्या बारीक उंचवट्याच्या खुणा असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला असेल तर तो संपला. चासिसवर वेल्डिंग दिसले तर चहा पिऊन परत यावे.

पुढच्या ब्रेकची भीती

गावात गाडी शिकवणारा पहिला धडा देतो, "पुढचा ब्रेक लावू नको, पलटी खाशील." हा धडा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो अर्धवट आहे.

गाडी थांबताना वजन पुढच्या चाकावर येते. पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो, त्याची पकड वाढते. मागचे चाक हलके होते. त्यामुळे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे निम्म्याहून बरेच जास्त काम पुढचा ब्रेक करतो. फक्त मागचा दाबणाऱ्याचे चाक जाम होते, गाडी फरफटत आडवी होते आणि थांबायला लागणारे अंतर लांबतच जाते.

पलटी खाण्याची भीती खोटी मात्र नाही. हँडल वळलेले असताना, चिखलावर किंवा वाळूवर, किंवा घाबरून एकदम मूठ आवळून पुढचा ब्रेक धरला तर चाक निसटते. म्हणून पद्धत अशी: हँडल सरळ, दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा आधी हलका आणि मग वजन पुढे येईल तसतसा घट्ट. ही सवय रिकाम्या जागी लावावी लागते. संकटाच्या क्षणी डोके काही ठरवत नाही. हाताला जे वळण पडलेले असते तेच हात करतो.

थांबायला किती जागा लागते याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. समोरचा धोका कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला आणि ब्रेक चांगले, रस्ता कोरडा धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला साधारण २१ मीटर लागतात, ६० ला ४० मीटर आणि ८० ला ६३ मीटर. वेग दुप्पट झाला, अंतर तिप्पट झाले. ओल्या रस्त्यावर हे आकडे आणखी वाढतात आणि मागे कुणी बसले असले की ब्रेक लावण्याची सगळी जुळणीच बदलते.

सगळ्यात धोक्याचे वर्ष पहिले

मोटारसायकलच्या अपघातांचा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेतला आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. अहवाल १९८१ साली आला. अपघात झालेल्या निम्म्याहून जास्त चालकांचा त्या विशिष्ट गाडीवरचा अनुभव पाच महिन्यांहून कमी होता. नव्वद टक्क्यांहून अधिक जण स्वतःच्या स्वतः किंवा घरच्या-मित्रांकडून शिकलेले होते. आणि दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश वेळा चूक समोरच्याची होती: त्याने मोटारसायकलचा जाण्याचा हक्क डावलला होता, बहुधा ती त्याला दिसलीच नव्हती.

रस्ते तिकडचे आणि इकडचे वेगळे. तरी यातल्या दोन गोष्टी जशाच्या तशा लागू पडतात. एक, गाडी नवी असते तेव्हा माणूसही त्या गाडीला नवाच असतो, मग आधी दहा वर्षे दुसरी गाडी का चालवलेली असेना. दोन, "माझी चूक नव्हती" हे वाक्य दवाखान्यात उपयोगाचे नाही. फाट्यावर उभ्या असलेल्या जीपवाल्याला आपण दिसलो नाही, असे धरूनच चालवावे. त्याच्या चाकाकडे बघावे. माणसाची मान फसवते, चाक फिरायला लागले की ते लपत नाही. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही.

पहिल्या वर्षाला एक क्रम लावून घेता येतो. सुरुवात सुट्टीच्या दिवशी एखाद्या मोकळ्या मैदानावर: अगदी सावकाश आठचा आकडा काढणे, ठरलेल्या रेषेवर थांबणे, २० आणि मग ३० च्या वेगाला दोन्ही ब्रेक लावून थांबणे. मग गावातले रस्ते दिवसा, एकट्याने. मग जोडरस्ते. मागे माणूस बसवणे त्यानंतर. रात्र, पाऊस आणि हायवे सर्वांत शेवटी. आणि ही तिन्ही एकाच दिवशी नकोतच.

वळणाचे तंत्र याच काळात शिकावे. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नव्हे. नजर जिकडे जायचे तिकडे ठेवायची, कारण खड्ड्याकडे बघत राहिले की गाडी खड्ड्यातच जाते. आणि थोड्या वेगात गाडी डावीकडे वळवायला हँडलची डावी मूठ हलकीच पुढे ढकलावी लागते. ऐकायला उलटे वाटते, पण प्रत्येक जण नकळत तेच करत असतो. जाणून केले तर अडचणीच्या क्षणी गाडी वेळेत वळते.

हंगाम, पाऊस आणि रात्र

या भागातले धोके ऋतूप्रमाणे बदलतात.

दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात आणि उन्हाळा लागेपर्यंत रस्ता उसाचा होतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाखाली झाकलेला. रात्री डिपरवर मोटारसायकलचा कामाचा उजेड साधारण ३०-४० मीटर पुढे जातो. साठच्या वेगाला थांबायला ४० मीटर लागतात, हे आपण पाहिले. म्हणजे अंधारात उभी असलेली ट्रॉली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. यावर उपाय एकच: जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग. या रस्त्यांवर रात्री तो चाळीसच्या आसपास येतो, मग गाडी कितीही पळणारी असो. समोरून हायबीम आला तर दिव्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघत वेग उतरवावा.

ट्रॉलीला ओव्हरटेक करताना दोन्ही ट्रॉल्यांच्या पलीकडचा रस्ता दिसल्याशिवाय बाहेर पडू नये, आणि दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जागेत तर शिरूच नये. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यांवर चाक गेले तर ते घसरते. त्या ओलांडताना हँडल सरळ, ब्रेक सुटलेले.

पावसाळ्यात काळी माती हा मोठा शत्रू. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांतला चिखल डांबरावर पसरतो, त्यावर पावसाची पहिली भुरभुर पडली की रस्ता साबण लावल्यासारखा होतो. जोराच्या पावसाने तो धुऊन निघतो. धोका असतो तो पहिल्या थोड्या वेळात. टायर आणि रस्ता यांची भेट तळहाताएवढ्या जागेत होते, हे तेव्हा आठवावे.

पुराचे पाणी हा तर वेगळाच विषय. दूधगंगा आणि वेदगंगेवरचे भोज–कारदगा, अक्कोळ–सिदनाळ, जत्राट–भिवशी यांसारखे सखल बंधारे-पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात. २०२१ च्या जुलैत तर वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ थेट महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. रोजच्या सवयीच्या पुलावरचे पाणी सगळ्यात जास्त फसवते, कारण खालचा रस्ता आपल्याला पाठ आहे असे वाटते. पण पाण्याखाली तो रस्ता तसाच उरला आहे की वाहून गेला, हे वरून कळत नाही. वळसा घालून जायचे.

हायवेवर तीन नियम पाळावेत. तवंदी घाट उतरताना गिअरमध्येच उतरावे, इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर पेट्रोल वाचवू नये. आणि मागून येणाऱ्या अवजड ट्रकच्या पुढ्यात रेंगाळू नये, त्याचे ब्रेक तापलेले असू शकतात. पुढचा यू-टर्न लांब आहे म्हणून उलट्या दिशेने गाडी घालू नये. थांबायचे झाले तर रस्त्यापासून पूर्ण बाहेर.

डोके, पदर आणि भारा

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट नसताना मेलेल्यांचा सरकारी आकडा ५०,०२९ आहे. यांत चौदा हजारांहून अधिक जण मागे बसलेले होते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. एवढ्या पैशांत एवढे काम करणारी दुसरी वस्तू गाडीच्या दुकानात मिळत नाही.

२०२१ च्या जूनपासून आयएसआय शिक्क्याविना हेल्मेट विकणे बेकायदा आहे. शिक्क्याबरोबर आयएस ४१५१ हा क्रमांक बघावा. पूर्ण तोंड झाकणारे घ्यावे. कानाच्या वर संपणारी टोपी पोलिसांना दाखवण्यापुरती असते. हेल्मेट गालांना घट्ट बसले पाहिजे, डोके हलवल्यावर ते वेगळे फिरता कामा नये. हनुवटीखालचा पट्टा लावला नसेल तर पहिल्याच आपटीत हेल्मेट एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बदलावे. आतला थर्मोकोलसारखा थर दबून आपले काम एकदाच करतो. नवी गाडी घेताना कंपनीने हेल्मेट द्यायचे असते असा नियम आहे. ते मागून घ्यावे आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरे विकत घ्यावे. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते कायद्याने लागते.

आपल्याकडे मागे बसणारी बाई बहुधा एका बाजूला पाय सोडून बसते. पदर, ओढणी, साडीचा काठ चाकात किंवा चेनमध्ये गेला की क्षणात माणूस खाली ओढला जातो. म्हणूनच मोटारसायकलला साडीगार्ड, पाय ठेवायला पायदान आणि धरायला पट्टा किंवा दांडी असली पाहिजे असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट नियम आहे. गाडी स्टायलिश दिसावी म्हणून साडीगार्ड काढून टाकणारी पोरे आपल्याच आईला धोक्यात घालतात. शक्य तिथे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसण्याची सवय घरच्यांना लावावी. तोल गाडीच्या मध्यावर राहतो.

वैरणीचा भारा बांधायचाच तर तो मागचा दिवा आणि इंडिकेटर झाकणार नाही एवढाच. आडवा बांधलेला भारा गाडीची रुंदी दुप्पट करतो आणि ते चालवणाराच विसरतो. वजन मागे गेले की पुढचे चाक हलके होते, हँडल भरकटते. भारा असताना वेग निम्म्यावर आणावा, टायरमधली हवा गाडीवर छापलेल्या दुहेरी वजनाच्या आकड्याप्रमाणे ठेवावी.

दोन राज्यांची कागदपत्रे

हद्दीवरच्या माणसाला एक खास मोह असतो: गाडी पलीकडून घ्यावी. महाराष्ट्रात दुचाकीच्या रस्ता कराचा दर सीसीप्रमाणे ठरतो, कर्नाटकात किमतीप्रमाणे. त्यामुळे एकाच गाडीची रस्त्यावरची किंमत दोन्हीकडे वेगळी पडते. पण मोटार वाहन कायदा सांगतो की मालक जिथे राहतो त्या राज्यात नोंदणी करावी, आणि दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेली गाडी तिथे नव्याने नोंदवावी. कोल्हापूरच्या एमएच ०९ पासिंगची गाडी कायमची बोरगावात ठेवायची तर आज ना उद्या ती चिकोडीच्या केए २३ मध्ये आणावी लागते. नुसते इचलकरंजीला जाणे-येणे असेल तर काही अडचण नाही. लायसन आणि विमा देशभर चालतात.

जुनी परराज्यातली गाडी घेताना विक्रेत्याकडून फॉर्म २८ चे ना-हरकत पत्र, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आणि कर्ज असल्यास ते फिटल्याचा फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. गाडी नावावर होईपर्यंत अपघात झाला तर कागदावरचा मालक अडकतो, आणि विमा नसेल तर भरपाई घरादारावर येते. नव्या गाडीला सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. त्याच्या जोडीला मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. पण लायसन नसेल तर ते मिळत नाही.

अठराच्या आतल्या पोराच्या हाती गाडी देणाऱ्या घरांनी एक कलम वाचून ठेवावे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळणारे लायसन फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचे.

अपघात झालाच तर

रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे चालतो, कोणत्याही संकटात ११२, महामार्गावर १०३३. हद्दीवर मोबाईल कधी या राज्याचा टॉवर धरतो, कधी त्या. म्हणून आधी राज्य, तालुका, गाव आणि जवळची खूण सांगावी. जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये, श्वास अडत असेल तेव्हाच मान धरून दोघांनी मिळून काढावे. पाणी पाजू नये, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरावे. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील या भीतीने लोक बाजूने निघून जातात. पण २०१९ पासून कायद्याच्या कलम १३४-अ ने मदतगाराला संरक्षण दिले आहे, त्याला नाव सांगण्याचीही सक्ती नाही. मे २०२५ पासूनच्या केंद्र सरकारच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. दवाखान्यात त्याची विचारणा करावी.

पैशाची वाटणी

आता आण्णा आणि पोरगा पुन्हा समोरासमोर बसले तर हिशेब असा मांडता येईल. ठरवलेल्या रकमेतून आधी दोन चांगली हेल्मेटे, विमा, पावसाळी बूट आणि हातमोजे बाजूला काढा. उरलेल्यात जी गाडी बसते ती तुमची. २०२५ च्या सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला; त्या बचतीतून एक वर्ग वरची गाडी घेण्याऐवजी त्याच वर्गातली एबीएसची गाडी मिळते का ते बघा. मग वर्षभर तीच चालवा: एक हंगाम, एक पावसाळा, एक उन्हाळा. त्या वर्षात पोराच्या हाताला दोन्ही ब्रेक एकत्र दाबायचे वळण पडले, उजेडाच्या मर्यादेत वेग ठेवायची सवय लागली आणि पाण्याखालच्या पुलावरून तो स्वतःहून मागे फिरला, तर दुसरी गाडी कितीही ताकदीची मागू द्या, तेव्हा त्याला नाही म्हणायला कारण उरणार नाही.